घाटकोपरचे होर्डिंग वाऱ्याने पाडले की वाढीव आकाराने?

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून १७ जणांचा बळी गेला. वादळी वाऱ्यावर खापर फोडणे सोपे आहे. पण भौतिकशास्त्राचे गणित वेगळे सांगते. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, हे होर्डिंग १२० बाय १२० फुटांचे. बाजू तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ आणि त्यावर पडणारा वाऱ्याचा जोर नऊपट. शिवाय तरफेच्या नियमाने, उंचीही तिप्पट धरली तर पायाशी उलथवणारा जोर २७ पट! तो पेलायचा पायाने, आणि पाया जमिनीखाली दडलेला. म्हणून फलकाची लांबी-रुंदी मोजून भागणार नाही. पाया किती वेगाच्या वाऱ्यासाठी बांधला आणि तपासणी कधी झाली, हे प्रत्येक होर्डिंगवर लिहिणे पालिकेने सक्तीचे करावे.