कप्पे झाले, झोपेचं काय?

बकरी ईदच्या आधी मुंबईत देवनारच्या बाजारात पार राजस्थानहून ट्रक भरभरून बकरे येतात. २०१५ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली: गाडीत कप्पे हवेत, प्रत्येक बकऱ्याला ०.३ चौरस मीटर जागा हवी. छान! पण ड्रायव्हरला पैसे खेपेवर मिळत असतील, तर थांबणं म्हणजे त्याचंच नुकसान. तोच जेवायला थांबत नाही, तर बकऱ्यांना पाणी कोण दाखवणार? पेंगलेल्या माणसाने कचकन ब्रेक मारला की मागची जनावरं एकमेकांवर आदळतात. गाडी पकडली की ड्रायव्हर अडकतो, भाडं ठरवणारा मात्र नामानिराळा! म्हणून माझं स्पष्ट मत: लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर द्या आणि विश्रांतीच्या तासांचेही पैसे मोजा. माणसाला झोप मिळाली, तरच जनावराला पाणी मिळेल.