उंचावलेली जिप्सी, आखूड पडणारे शॉक

मारुती जिप्सीची चारही चाके पाट्यांवर तोललेली असतात. अधिक बाकाचे पाटे घालून ती दोन इंच उंचावली, की मूळ शॉक ॲब्सॉर्बर आखूड पडतात. खड्ड्यात चाक लोंबले की पिस्टन आतल्या टोकावर आदळतो. पुढे सील फुटून तेल गळू लागते.

नवे शॉक ‘दोन इंचांसाठी’ या चिठ्ठीवर विसंबून घेऊ नयेत. चासीला भक्कम आधार देऊन, जुने शॉक काढून चाके लोंबू द्यावीत आणि शॉकच्या दोन्ही बैठकींमधील अंतर मोजावे. मग चाक रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर उचलून पुन्हा मोजावे. पूर्ण ताणलेला शॉक पहिल्या मापाहून किंचित लांब, पूर्ण दबलेला दुसऱ्याहून किंचित आखूड हवा. हे दुसरे माप बहुधा आळसाने टाळले जाते. मग ठोकळा टेकण्याआधीच शॉक तळाला बसतो आणि त्याची बैठकच तुटते.

चाके लोंबत असतानाच ब्रेकची रबरी नळी ताणली जाते का, हेही पाहावे. मागच्या बाकांवर घरची मुले बसतात. शॉक निकामी झाला तर गाडी उसळेल, नळी तुटली तर वेळेवर थांबणार नाही.

रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळावेत. लोंबत्या अवस्थेत आवळलेले रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते.