नव्याचे नऊ दिवस, आणि दहावा

वजन कमी करणे हे काही फार अवघड काम नाही. आपल्या सोलापुरात दर वर्षी कितीतरी माणसे ते करून दाखवतात. श्रावण येतो, नवरात्र येते, एखादे लग्न तोंडावर येते. मग कोणी एकवेळ जेवू लागते, कोणी पहाटे उठून सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरू लागते. चार-पाच किलो उतरतातही. पण दिवाळी सरते आणि उतरलेले किलो पाहुण्यासारखे न राहता घरच्यासारखे परत येऊन बसतात. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण पूर्वजांनी वजनासाठी रचली नसेल. पण तेथे ती जितकी चपखल बसते तितकी क्वचितच कोठे बसत असेल. मला या लेखात बोलायचे आहे ते दहाव्या दिवसाविषयी.

वाचक म्हणतील, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातील मुलीला हा अधिकार कोणी दिला? अधिकार नाही, पण कारण आहे. माझी आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तीन वर्षांपूर्वी आईला मधुमेह निघाला आणि औषधांच्या कागदावर खाली तीन शब्द लिहून मिळाले : ‘वजन कमी करा.’ कसे, ते कागदावर नव्हते. ज्या घरात एकच माणूस शिकलेले असते तेथे असा प्रत्येक कागद त्याच्याच हातात येतो. म्हणून मी या विषयावर जमेल तेवढे वाचले आणि घरात जे पाहिले त्याच्याशी ताडून पाहिले.

लठ्ठपणा हा श्रीमंतांचा रोग, असा आपला जुना समज आहे. तो आता बाजूला ठेवला पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक आहेत, तर २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. दोन्ही प्रकारच्या बायका एकाच गल्लीत, कधी एकाच घरात राहतात. आमच्या गल्लीत आईसारख्या बायका मांडीवर सूप घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेल्या असतात. हजार विड्या भरल्याशिवाय हजाराची मजुरी नाही. बोटे थांबत नाहीत आणि कमरेखालचे शरीर हलत नाही. कष्ट पुष्कळ, हालचाल शून्य! अशा बाईला ‘जरा अंग हलवा’ असे सांगणे सोपे असते. पण तिने ते हलवावे केव्हा?

महाराष्ट्रात २०१८-१९ च्या सुमारास या विषयावर घरोघरी जोरदार वाद रंगला होता. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी चळवळ उभी केली : दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या अंतराने खा, आपल्या मातीतले, घरचे अन्न खा असे सांगत होत्या. दोन्ही पक्षांचे कट्टर अनुयायी एकाच पंगतीत बसून भांडल्याचे ऐकले आहे. तिकडे अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू झाली. किमान साडेतेरा किलो वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या माणसांची नावे तिच्यात घेतात. त्यांतील बहुतेक जण सकाळची न्याहारी चुकवत नाहीत, रोज सुमारे तासभर व्यायाम करतात, बहुधा चालण्याचाच, आणि आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात.

मग खरे कोणाचे? दोनदा, अनेकदा की न्याहारीसह? मला या तिन्हींत एक समान धागा दिसतो. तिन्ही ठिकाणी माणसाचा रोजचा दिवस ठरलेला आहे. खाणे कधी, चालणे कधी, याचा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागत नाही. वजन उतरले म्हणजे शरीर गप्प बसत नाही. भूक वाढते, आणि हलक्या झालेल्या देहाला पूर्वीइतके उष्मांकही लागत नाहीत. म्हणून जुन्या पद्धतीकडे परतलेला माणूस जुन्या वजनाकडेही परततो. आपल्याकडे संयम आहे, पण तो व्रताचा संयम आहे. व्रताला उद्यापन असते. सवयीला उद्यापन नसते. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर पायी जाणारी हजारो माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या श्रद्धेला नमस्कार. पण तीच माणसे दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गाडीवरून जातात. आणि उपवास म्हणाल तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपणच म्हणून ठेवले आहे.

येथे माझे मुख्य मत मांडते. सवय ‘वैयक्तिक’ असते असे पुस्तके म्हणतात. दोन खोल्यांच्या घरात काहीच वैयक्तिक नसते. चूल एक, पातेले एक, साखरेचा डबा एक. सगळ्यांना वाढून झाल्यावर रात्री दहा वाजता आई जेवायला बसायची. स्वतःची भूक किती, यापेक्षा पातेल्यात उरले किती, यावर तिचे जेवण ठरायचे. अन्न टाकणे पाप, म्हणून उरलेली अर्धी भाकरी आणि तळाचा भात तिच्या ताटात. अशा बाईला एकटीला पथ्य सांगून काय उपयोग?

म्हणून आम्ही पथ्य आईला न लावता घराला लावले. रात्री आठ वाजता सगळे एकत्र बसतात. उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी ताकात कुस्करायची, आणि ती ज्याच्या वाट्याला येईल त्याने खायची. शेंगाचटणीवर सोलापूरकराचा जीव. पण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, म्हणून ती वाटीने न घेता चमच्याने. चहाचा हिशेबही मी कागदावर मांडला : दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे साखर, चमच्याला चार ग्रॅम, म्हणजे ४८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंतच असलेली बरी, असे सुचवले आहे. साखर हळूहळू कमी केली, सगळ्यांचीच. ‘याला चहा कशाला म्हणता, काढा म्हणा,’ असे वडील आठ दिवस म्हणत होते. नवव्या दिवशी गप्प झाले.

शंभर विड्या झाल्या की आई उठते आणि अंगणात दोन फेऱ्या मारते. विड्या द्यायला रिक्षाने जाणे सोडून ती चालत जाते. जाऊन-येऊन चाळीस मिनिटे. दर गुरुवारी धान्याच्या दुकानातील काट्यावर उभी राहते आणि तो आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला जातो. दोन वेळांच्या जेवणाचाही विचार केला होता. पण तिच्या गोळ्या चालू असताना जेवण चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हा कोणाचाही उपाय आंधळेपणाने उचलू नये, हेही येथे नमूद करते.

सोळा महिन्यांत वजन ७६ वरून ७० वर आले. सहा किलो म्हणजे काही पराक्रम नव्हे. जाहिरातीतील माणसे एवढे महिन्यात उतरवतात. पण गेली एक दिवाळी, एक संक्रांत आणि घरातले एक लग्न पार पडूनही ते ७१ च्या वर गेलेले नाही, याचे मला मोल वाटते. मधुमेह गेला नाही, गोळ्याही चालू आहेत. मात्र जिना चढताना आई मध्ये थांबत नाही.

कोणी म्हणेल, गरिबाने एवढी उठाठेव करायची कशी? वरील यादीत विकत घ्यावे लागेल असे काही आहे का, ते पुन्हा वाचून पाहावे. फुकट नसलेली गोष्ट एकच, ती म्हणजे घरातील इतरांची सोय. वडिलांची गोड चहाची सोय, भावाची आयत्या ताटाची सोय, माझीही. आईचे वजन वाढण्यात आम्हा सगळ्यांच्या सोयीचा वाटा होता, असे मला स्पष्ट दिसते.

मित्रमैत्रिणींनो, स्नेहसंमेलनापूर्वी पंधरा दिवस उपाशी राहणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यापेक्षा आज रात्रीपासून एक करून पाहा. आपले ताट आपण वाढून घ्या, आईचेही वाढा, आणि ती शेजारी येऊन बसेपर्यंत पहिला घास घेऊ नका. आज कराल, उद्याही कराल. परीक्षा आहे ती दहाव्या दिवसाची.