हंडा चालतो, मग डंबेल का नाही?

आमच्या वस्तीतल्या आरोग्य शिबिरात पंचेचाळिशीच्या एका बाईंचा रक्तदाब १५०/९६ निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि बजावले, "मीठ कमी करा, रोज चाला, वजन उचलू नका." बाई हसल्या. सार्वजनिक नळावरून पंधरा लिटरचे सहा हंडे माळ्यावर चढवूनच त्या शिबिराला आल्या होत्या! महिनाभराने मंडळात आम्ही व्यायामाचा वर्ग काढला, दोन-दोन किलोचे डंबेल आणले, तेव्हा मात्र नवरा, सासू, शेजारीण, सगळ्यांना त्यांच्या बीपीची आठवण झाली.

म्हणजे बाईने वजन उचलायला कुणाची हरकत नाही. ते तिने स्वतःसाठी उचलायला हरकत आहे.

या भीतीला शास्त्राचा आधार किती? वजन उचलताना रक्तदाब तेवढ्यापुरता वाढतो, हे खरे. १९८५ साली कॅनडात शरीरसौष्ठवपटूंवर मोजमापे झाली. श्वास रोखून प्रचंड वजन ढकलताना त्यांचा वरचा दाब ३०० च्या पुढे गेला. पण पहिलवानी वजनाचा हा धाक दोन किलोला कशाला? बेताचे वजन नियमित उचलले, तर एरवीचा रक्तदाब उलट उतरतो. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेने उच्च रक्तदाबावरच्या उपायांत हा व्यायाम घातला. वरचा दाब सरासरी ४ अंकांनी उतरतो, असे त्यात म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला, बीपीवाल्यांनासुद्धा.

"दिवसभर राबतेस, तुला वेगळा व्यायाम कशाला?" हे तर आपण सगळ्याच ऐकतो. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार बायका बिनपगारी घरकामात रोज २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. घरकामच औषध असते, तर पंधरा वर्षांवरच्या दर पाच बायकांत एकीला उच्च रक्तदाब का आढळावा? (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१.) व्यायामात वजन आपण ठरवतो, हळूहळू वाढवतो, मध्ये विश्रांती घेतो. हंड्याच्या बाबतीत यातले काहीच आपल्या हाती नसते. कोपनहेगनमध्ये लाखभर लोकांची पाहणी झाली. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला, कामावर अंगमेहनत करणाऱ्यांत जास्त, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

यात आपलीही चूक आहे, मैत्रिणींनो. बाईचे आरोग्य म्हणजे गर्भाशय, हे सरकारी समीकरण मोडायला आपण निघालो. पण हृदय आपल्याही यादीत उशिराच आले.

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात टेकून जोर, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या, एवढे पुरे. श्वास रोखायचा नाही. जोर लावताना सोडायचा. गोळी बंद करायची नाही. दाब १८०/११० च्या वर असेल तर आधी उपचार. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको.

आणि मागण्या. लोकांच्या पैशातून बांधलेल्या वॉर्डातल्या व्यायामशाळेत पुरुषांचाच राबता का? तिथे बायकांसाठी रोज दोन तास राखून ठेवा, शिकवायला बाई नेमा. शिबिरात नुसते "वजन उचलू नका" नको. काय, किती आणि कसे उचलायचे ते सांगा. आणि घरातल्यांनो, त्या अर्ध्या तासात पाणी तुम्ही भरा.

ही शेवटची मागणी मान्य करून घेणे सगळ्यांत अवघड आहे. त्या बाईंच्या घरी मंगळवारी आणि शुक्रवारी आता मुलगा नळावर जातो. त्यासाठी तीन महिने भांडावे लागले. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत बीपीचे यंत्र ठेवा, आणि हे भांडणही विषयपत्रिकेवर घ्या.