प्रकाशन सोहळा झाला, फोटोही फिरले; पण नांदेड-लातूरच्या लेखकाचं पुस्तक वर्षभर विकणार कसं?

मंचावर पाहुणे, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, एक फोटो आणि त्याखाली ‘हार्दिक अभिनंदन’च्या कमेंट्सची रांग. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर परिसरात नवं पुस्तक आलं की फेसबुकवर हे दृश्य हमखास दिसतं. दोन-तीन महिन्यांनी मात्र त्याच पुस्तकाचे गठ्ठे अनेकदा लेखकाच्या घरी माळ्यावर पडून असतात. छपाईत स्वतःचे पैसे घातले असतील, तर पुढचं पुस्तक तिथेच लांबणीवर पडतं.

‘हल्ली कुणी वाचत नाही’ असं म्हणून विषय संपवता येतो. पण वाचकापर्यंत पुस्तक पोहोचतं का, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

पुस्तक अडतं कुठे?

नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत, लातूरमध्ये १०. तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान म्हणजे बहुतेक वेळा वह्या, गाइड आणि स्टेशनरी. ‘लातूर पॅटर्न’मुळे या भागात नीट आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना मोठी मागणी आहे. दुकानदार फळीवरची जागा त्यांनाच देतो, कारण ती दरवर्षी नक्की खपतात. कवितासंग्रह कधी विकला जाईल, हे कुणी सांगू शकत नाही.

छापणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. नांदेडमध्ये इसाप आणि संगत, लातूरमध्ये मुक्तरंग अशी प्रकाशनं इथल्या लेखकांची पुस्तकं काढत आली आहेत. खरी अडचण वितरणाची आहे. मराठी पुस्तकांचा मोठा व्यापार अजूनही पुण्या-मुंबईभोवती फिरतो.

दुकानातून विकावं की थेट?

एक उदाहरण घेऊ. समजा पुस्तकाची किंमत २५० रुपये आहे आणि एका प्रतीला छपाईचा खर्च ९० रुपये आला. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली तर हातात १५० रुपये येतात. छपाई वजा जाता उरतात ६०. हे पैसे यायला काही महिने लागू शकतात आणि न विकलेल्या प्रती परतही येतात.

आता तेच पुस्तक लेखकाने वाचकाला टपालखर्चासह २०० रुपयांत घरपोच दिलं असं धरू. टपाल आणि पाकिटाचे ३० रुपये, छपाईचे ९० वजा केले तर उरतात ८०. वाचकाचे ५० रुपये वाचतात, लेखकाला पैसे लगेच मिळतात. शिवाय त्याला वाचकाचं नाव आणि पत्ता कळतो. पुढचं पुस्तक आलं की पहिला निरोप कुणाला द्यायचा, ते त्याला माहीत असतं.

हे गणित मात्र टपालाच्या दरावर उभं आहे.

टपालात काय बदललं?

डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्टची सवलतीची सेवा बंद केली. पुस्तकं स्वस्तात पाठवण्याचा हा जुना मार्ग होता. छोटे प्रकाशक आणि विक्रेत्यांकडून त्यावर नाराजी उमटली.

त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, कर वेगळा, असे दर त्या वेळी जाहीर झाले. पाकीट कुठवर पोहोचलं हे ऑनलाइन पाहता येतं. मात्र ते विमानाने न जाता रस्ता किंवा रेल्वेने जातं, त्यामुळे थोडा वेळ लागतो.

अटीही आहेत. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं. नियतकालिकं आणि निव्वळ व्यापारी मजकूर या सेवेत बसत नाही. पुस्तकातली इतर पुस्तकांची यादी चालते, पण जाहिराती चालत नाहीत.

साधारण दीडशे पानांचं पुस्तक बहुधा ३०० ग्रॅमच्या आत बसतं. दर वजनावर ठरत असल्यामुळे उदगीरहून निघालेलं पुस्तक मुंबईला जावो की सीमेपलीकडच्या भालकीला, खर्च तोच येतो. कर्नाटक-तेलंगणातल्या मराठी वाचकांपर्यंत पोहोचण्याचा हा सोपा रस्ता आहे.

एकदाच गाजावाजा की रोजचा रतीब?

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. भारत सासणे अध्यक्ष होते. त्याच महिन्यात तिथे विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. अशा वेळी पुस्तकांचे स्टॉल लागतात, वाचक भेटतात. पण संमेलन काही दिवसांत संपतं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी जातं.

टिकलेल्या पुस्तकांची वाट वेगळी दिसते. लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ते अभ्यासक्रमांत गेलं, इंग्रजीत आलं. पुरस्कार एकदाच मिळाला, पण वर्गात शिकवलं जाणारं पुस्तक दर जूनमध्ये नव्या वाचकांच्या हातात पडतं.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले. त्यांची कित्येक पुस्तकं त्यानंतर प्रकाशित झाली आणि आजही वाचली जातात. व्याख्यानं आणि चर्चांमधून त्यांचं नाव सतत निघत राहिलं, याचा त्यात मोठा वाटा आहे.

प्रत्येकाला पुरस्कार मिळणार नाही. पण दर महिन्याला एका महाविद्यालयात किंवा वाचनालयात पुस्तकावर बोलणं, सोबत १० प्रती नेणं, हे बहुतेकांना जमण्यासारखं आहे.

वाचनालयं कुठे बसतात?

१९६७ च्या कायद्यानुसार राज्यातली सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड वर्गांत मोडतात आणि त्यांना सरकारी अनुदान मिळतं. त्यातून ग्रंथखरेदीही होते. हे अनुदान हप्त्यांनी येतं. त्यामुळे खरेदी कधी होणार हे ग्रंथपालाला आधी विचारलेलं बरं. जिल्हा ग्रंथोत्सवात अनेक वाचनालयांची माणसं एकाच ठिकाणी भेटतात. तिथे पुस्तकाची प्रत आणि किंमतपत्रक घेऊन उभं राहिलं, तर एका दिवसात अनेक गावांशी ओळख होते.

मग सोशल मीडियाचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण ‘माझं पुस्तक घ्या’ ही पोस्ट रोज टाकली की लोक पुढे सरकतात. पुस्तकातलं एक पान, त्यामागची गोष्ट किंवा एखाद्या वाचकाचा अभिप्राय लोक थांबून वाचतात. त्याच पोस्टखाली किंमत, यूपीआय आणि पत्ता पाठवायचा नंबर असला, तर लाइकचं रूपांतर मागणीत होऊ शकतं. किंडलवर मराठी ई-बुक काढता येतं, प्रतिलिपीवर लिहिता येतं. तिथे गोदाम लागत नाही, पण वाचक जमवावाच लागतो.

वाचकांकडेही एक काम आहे. ओळखीच्या लेखकाकडे भेट म्हणून प्रत मागण्याची आपल्याकडे सवय आहे. वरच्या हिशेबात अशी एक प्रत म्हणजे छपाईचे ९० रुपये लेखकाच्या खिशातून. ती विकत घेतली, तर पुढचं पुस्तक छापण्याच्या खर्चाला तेवढा हातभार लागतो.