विमानतळाच्या गावातील मुली



ह्या वेळचे संपादकीय विमान चालवू पाहणाऱ्या शाळकरी मुलींविषयी आहे. रेशन, पाणी, मारहाण, पोटगी हे प्रश्न दारात उभे असताना हा विषय कशासाठी, असे काहीजणींना वाटेल. पण नवी मुंबईत विमान आता दारातच आले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली अशा दहा गावांच्या जमिनीवर, खाडीवर आणि घरांवर हा प्रकल्प उभा आहे. ह्या गावांतील नववी-दहावीतली मुलगी डोक्यावरून जाणारे विमान पाहून ‘मला हे चालवायचे आहे’ असे म्हणाली, तर तिने पुढे जायचे कुठे? तिला कोण आत घेणार?

आगरी, कोळी आणि कराडी समाजाने ह्या भूमीसाठी काय सोसले आहे, ते आपण जाणतोच. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानफाटा परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. विमानतळग्रस्तांना साडेबावीस टक्के मिळाले. विमानतळाला दि. बां. चे नाव द्यावे म्हणून १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली आणि २४ जूनला सिडको भवनाला घेराव पडला. ह्या साऱ्या लढ्यांत बाया रस्त्यावर होत्या. भूखंडाच्या कागदावर मात्र बहुतेक ठिकाणी नाव लागले ते बाप्याचे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केला, केंद्राने २००५ मध्ये. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याचा रिवाज काही संपला नाही. जमिनीचा मोबदला जसा मुलीला चुकवून गेला, तशीच जमिनीवर आलेली कामेही तिला चुकवून जाऊ नयेत, हा आमचा मुद्दा आहे.

विमानतळावर आपल्या मुलींना काम मिळणारच नाही असे नाही. साफसफाई, सामानाची तपासणी, काउंटर, खानपान अशी कामे मिळतील, मिळत आहेत. त्यातले कोणतेही काम हलके नाही. पण ‘स्थानिकांना रोजगार’ ह्या घोषणेत मुलीच्या वाट्याला काय येईल, हे कुणीतरी आधीच ठरवून टाकल्यासारखे दिसते. वैमानिक, विमान दुरुस्तीची अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक ह्या जागांचा विचार गावातल्या मुलीच्या बाबतीत होत नाही. ना कंपनी करते, ना शाळा, ना घर.

नियम मात्र मुलींच्या आड येत नाहीत. दहावी उत्तीर्ण मुलगी सोळाव्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना काढू शकते. सतराव्या वर्षी खासगी वैमानिकाचा आणि अठराव्या वर्षी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, ही अट वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती शिथिल करण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला. पण दहावीनंतर शाखा निवडताना ‘मुलीला गणित कशाला’ म्हणून जिला कला शाखेत घातले, तिचे दार आजवर सोळाव्या वर्षीच बंद झाले. चष्मा असला की संपले, असा एक गैरसमज गावोगाव ऐकू येतो. चष्म्याने दृष्टी पूर्ण सुधारत असेल तर तो अडथळा ठरत नाही. म्हणूनच फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, हे प्रत्येक पालकाला सांगायला हवे.

खरा अडसर दोन गोष्टींचा आहे. पहिला पैशाचा. परवान्यापर्यंतचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. भूखंड विकून मुलाला गाडी, बंगला घेऊन देणाऱ्या घरातही मुलीच्या शिक्षणावर इतका पैसा घालायचा म्हटले की लग्नाचा खर्च आठवतो. दुसरा अडसर ओळखीचा, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. विमान जवळून पाहणे, हँगरमध्ये दोन दिवस उभे राहणे, हवामानाचा तक्ता कसा वाचतात ते पाहणे, रेडिओवरची भाषा कानावर पडणे, एखाद्या वैमानिक बाईशी तासभर बोलणे ह्याला कामाचा पहिला अनुभव म्हणतात. तो ज्यांचे काका-मामा त्या क्षेत्रात आहेत त्यांच्या मुलांना घरबसल्या मिळतो.

इतिहासही हेच सांगतो. १९३६ मध्ये लाहोरला साडी नेसून एकटीने विमान उडवणाऱ्या सरला ठकराल एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांचे धाडस मोठे होतेच, पण त्यांच्या सासरी वैमानिकांचा राबता होता आणि पतीही वैमानिक होते. मुंबईत शिकलेल्या आयेशा अझीझला २०११ मध्ये शाळकरी वयातच विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळाला, तो जुन्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमधून. जवळ क्लब आणि पाठीशी घर असेल तर सोळा वर्षांची मुलगी काय करू शकते, हे तिने दाखवले. १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन ह्यांनी केवळ स्त्रियांच्या चमूसह प्रवासी विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले, तेव्हा ती वर्तमानपत्रांची बातमी होती. आज भारतातील वैमानिकांत स्त्रिया सुमारे पंधरा टक्के आहेत आणि जगाच्या सरासरीहून हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. ह्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या पंधरा टक्क्यांत उलव्याची, गव्हाणची, दापोलीची मुलगी कुठे आहे, हेही विचारावे.

सरकारी वाटा अगदीच नाहीत असे नाही. पुण्याजवळ हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग केंद्रात अनेक पिढ्यांच्या तरुणांनी थोडक्या पैशांत पहिले उड्डाण केले. एनसीसीच्या हवाई शाखेत मुलींना प्रवेश आहे. हवाई दलात स्त्रिया १९९४ पासून वैमानिक आहेत आणि २०१६ पासून लढाऊ विमानेही चालवतात. न्यायालयाच्या आदेशामुळे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार २०२२ मध्ये मुलींना उघडले. तेथे शिक्षणाचा खर्च सरकार करते. त्या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य सरकारने नाशिकला मुलींची संस्था काढली आहे. ही माहिती आपल्या वस्तीतल्या किती मुलींपर्यंत पोचली आहे? पोचते ती खासगी ‘एव्हिएशन’ क्लासची जाहिरात. तिथे पैसे घेऊन मेकअप आणि चार इंग्रजी वाक्ये शिकवतात आणि नोकरीची हमी तोंडी देतात.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. विमानतळ चालवणारी कंपनी आणि तिची भागीदार सिडको ह्यांनी प्रकल्पग्रस्त गावांतील व आसपासच्या नगरपालिका, जिल्हा परिषद शाळांतील नववी ते बारावीच्या मुलींसाठी दरवर्षी ठरावीक दिवसांचा कार्यानुभव सुरू करावा. निवड जाहीर यादीने व्हावी, चिठ्ठीचपाटीने नको. पनवेल-उरणच्या शाळांत एनसीसीची हवाई शाखा वाढवावी. प्रकल्पग्रस्त मुलींसाठी वैमानिक प्रशिक्षणाची संपूर्ण शिष्यवृत्ती असावी आणि तिच्या नियमांत विवाहितेला वगळू नये.

कार्यानुभव म्हणजे फुकट राबवणे नव्हे, हेही बजावून सांगायला हवे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येते आणि अठराच्या आतील मुलीला पॉक्सोचे संरक्षण आहे. तक्रार समितीचे नाव-पत्ते मुलींना पहिल्याच दिवशी लेखी मिळाले पाहिजेत. ‘मुलगी आहे, जबाबदारी कोण घेणार’ ह्या सबबीवर तिला दाराबाहेर ठेवण्यापेक्षा आतली जागा सुरक्षित करणे हे त्यांचे काम आहे.

आपल्या संघटनांनीही हात बांधून बसू नये. शाखा निवडण्याच्या आधी, म्हणजे दहावीच्या वर्षीच, मुलींच्या आणि आयांच्या बैठका घ्याव्यात. ग्रामसभेत ही मागणी ठरावाने मंजूर करून घ्यावी. भूखंडाच्या वाटपात मुलीच्या शिक्षणाचा हिस्सा आधी बाजूला काढा, असे घराघरांत बोलावे. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी मुलींनी आपल्याकडे यावे, इतका विश्वास निर्माण करावा.

आपापल्या गावात किती मुलींनी विज्ञान शाखा घेतली, कुणाला कुठे अडवले गेले, ते आम्हाला जरूर कळवा. ह्या मागण्यांचे निवेदन सिडकोला देताना ती माहिती सोबत जोडायची आहे.

– संपादक मंडळ