दुकान आपले, नजर कुणाची?

छोट्या ऑनलाइन दुकानदारांना हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो : वेबसाइटवर सेशन रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे गिऱ्हाईक माल न घेता का जाते ते कळेल. माझे काही माजी विद्यार्थी अत्तर, ओढण्या, मसाले ऑनलाइन विकतात. 'सर, बसवायचं का?' असे ते विचारतात. माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याची कारणे देणे माझे काम आहे.

हे सॉफ्टवेअर केवळ किती लोक आले ते मोजत नाही. गिऱ्हाईकाने कुठे बोट ठेवले, कुठे थांबले, काय उघडून बंद केले, याची जणू चित्रफीत बनते आणि मालक ती नंतर पाहतो. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये 'क्लॅरिटी' फुकट दिल्यापासून ही सोय अगदी लहान दुकानाच्याही आवाक्यात आली. पण चित्रफीत आपल्या दुकानात राहत नाही. ती दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते.

'दुकानात सीसीटीव्ही असतोच की!' असा युक्तिवाद होतो. सीसीटीव्ही डोळ्यांना दिसतो, खाली पाटी असते. येथे गिऱ्हाईकाला पत्ताच नसतो. 2017 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांना आघाडीच्या 50,000 संकेतस्थळांपैकी 482 ठिकाणी असे रेकॉर्डिंग आढळले. काही ठिकाणी पासवर्ड, कार्डाचे आकडे, औषधांचे तपशीलही तिसऱ्याच कंपनीकडे जात होते.

'आता रकान्यातला मजकूर आपोआप झाकला जातो,' हा दुसरा युक्तिवाद. तो बराचसा खरा आहे. पण ऑर्डरच्या शेवटच्या पानावर नाव-पत्ता रकान्यात नसतो, साध्या मजकुरात असतो. तो नीट झाकला जातो की नाही, हे मालकाने स्वतः तपासावे लागते. पॅकिंगपासून कुरिअरपर्यंत सगळे एकट्याने करणारा माणूस ते तपासत बसेल?

आणि मिळणार काय? दिवसाला तीस-चाळीस लोक येत असतील, तर दहा चित्रफिती पाहून काढलेला निष्कर्ष म्हणजे अंदाजच. त्यापेक्षा आपल्या आईला किंवा शेजाऱ्याला मोबाइल देऊन ऑर्डर करायला सांगा आणि शेजारी बसून पाहा. गेल्या महिन्यातल्या पाच गिऱ्हाइकांना फोन करा. डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पानावर लपवलेला आहे, हे कळायला कॅमेरा लागत नाही.

शिवाय कायदा आहे. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त आणि माहितीपूर्ण हवी. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोयही हवी. मराठी आणि उर्दू दोन्ही त्या यादीत आहेत. या दोन्ही भाषा शिकवणारा मी विचारतो : कोपऱ्यातल्या बारीक इंग्रजी ओळीवर 'ओके' दाबणे ही कसली संमती?

तरीही बसवायचेच असेल, तर पैसे भरण्याचे आणि पत्त्याचे पान वगळा, सगळा मजकूर झाका, आणि 'आम्ही तुमची हालचाल नोंदवतो' हे गिऱ्हाइकाच्या भाषेत आधी सांगून 'नको' म्हणण्याचे बटण तितकेच मोठे ठेवा. ही पाटी लावायला संकोच वाटत असेल, तर सॉफ्टवेअरच लावू नका. गिऱ्हाइकाने दिलेला पत्ता ही अमानत आहे. मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातींचा पैसा आहे. छोट्या दुकानदाराकडे भरवशाखेरीज दुसरे भांडवल नाही.